फुसाच्या छपरावरचा बर्फ

मित्सुए ओइकावाच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर फुसाच्या घराची भिंत. मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी बोळ. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन उत्तर जपानमधल्या अकिताच्या डोंगरातल्या या गावात आल्या, आणि पुढे पन्नास वर्षं त्यांचं बोलणं याच खिडकीतून झालं. शेवटी फुसाला शहरातल्या वृद्धाश्रमात नेलं. ती तिथेच वारली. त्यानंतर त्या घराचं दार कुणी उघडलं नाही.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मित्सुएचं तसं कशावाचून अडत नव्हतं. पेन्शन येत होती. मोठा टीव्ही होता, नळाला गरम पाणी होतं, दुकानाची गाडी दर गुरुवारी दारात उभी राहून मासे आणि टोफू देऊन जायची. तोक्योजवळ सायतामात नोकरी करणारा मुलगा योशिनोरी रविवारी न चुकता फोन करायचा. वाण होती ती माणसांची. पाठीला कुबड न आलेला असा एक इवाओच उरला होता, आणि त्यालाही सत्तरी उलटली होती. अख्ख्या गावाची छपरं तोच साफ करायचा.

त्या हिवाळ्यात बर्फ थांबायचं नाव घेईना. इवाओने मित्सुएच्या छपरावरचा बर्फ दोनदा उतरवला. फुसाच्या छपराला मात्र कुणी वाली नव्हता. तिथे बर्फाचा थर चढत गेला, आणि त्याची कड मित्सुएच्या स्वयंपाकघराच्या दिशेने पुढे झुकली. खालचे वासे रात्रंदिवस कुरकुरत.

मित्सुएने फुसाच्या मुलाला, शिगेओला, ओसाकाला फोन लावला.

"काकू, पाडून टाका ते घर," तो म्हणाला. "मला नकोय."

"मी कशी पाडू रे? निदान बर्फ तरी उतरवून घे कुणाकडून."

"कुणाकडून? तिकडे मी आता कुणाला ओळखतो? माझे दोन्ही गुडघे गेलेत, काकू. कामही सुटलंय." मग त्याने विचारलं, "आईने तुम्हाला फार त्रास दिला ना?"

"तिने नाही दिला," मित्सुए म्हणाली आणि तिला पुढे रागावता येईना.

नगर कार्यालयातून एक तरुण कर्मचारी आला. डोक्यावर हेल्मेट, बोलणं अदबीचं. त्याने चहूबाजूंनी फोटो काढले.

"आजी, घर अजून फुसाबाईंच्या सासऱ्यांच्याच नावावर आहे. त्याला हात लावायला सगळ्या वारसांची संमती लागेल. त्यातले एक ब्राझीलमध्ये असतात."

"ते येणार का फावडं घेऊन?"

"नाही आजी. त्यांची फक्त सही हवी."

"आणि तोवर बर्फ थांबणार?"

त्या तरुण कर्मचाऱ्याचे कान लाल झाले. तो कमरेत वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. जाण्याआधी त्याने बोळीत लाल दोरी बांधली आणि 'धोका, जवळ जाऊ नये' अशी पाटी लावली. दोरी नेमकी मित्सुएच्या मागच्या दाराला आडवी गेली होती.

पाटी वाचून इवाओ भडकला. "सही गेली खड्ड्यात," म्हणत त्याने शिडी आणली. मित्सुएने ती खालून धरली. चार फावडी बर्फ खाली आला असेल, तेवढ्यात कुजकी फळी मोडली आणि इवाओचा पाय मांडीपर्यंत आत गेला.

"उतर," मित्सुए म्हणाली.

"वहिनी, कडेकडेचा तरी काढतो."

"इवाओ, खाली ये. तू पडलास तर बाकीच्यांच्या छपरांवर कोण चढणार आहे?"

तो उतरला आणि तिथेच बर्फात बसला. "दहा वर्षांपूर्वी केलं असतं मी हे."

"दहा वर्षांपूर्वी ती होती ना घरात. शेगडी पेटलेली असायची, छप्पर ऊबदार असायचं." मित्सुएने त्याच्या पाठीवरचा बर्फ झटकला. "चल, चहा घे."

फेब्रुवारीत एक दिवस अवेळी पाऊस लागला. पाणी पिऊन बर्फ जड झाला. दुपारी मित्सुए पुढच्या खोलीत विजेवर तापणाऱ्या मेजाखाली पाय घालून भात खात होती. आधी लाकूड मोडल्याचा आवाज आला, मग जमीन हादरली. ती उठून गेली तर स्वयंपाकघर नव्हतंच. फुसाचं घर कोसळून भिंत आत आली होती, मुळ्याच्या लोणच्याचं पिंप फुटलं होतं, आणि बर्फाच्या ढिगात फुसाचा फ्रीज आडवा पडला होता. त्याच्या दारावर नातवंडांनी चिकटवलेली मांजरांची चित्रं तशीच होती. मित्सुएच्या हातात अजून जेवणाच्या काड्या होत्या. त्या कुठे ठेवाव्यात हेही तिला सुचेना.

शिगेओचा फोन आला. तो रडत होता. "मी काय करू, काकू? सांगा ना."

"गुडघे सांभाळ," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

सुतार म्हणाला, बर्फ वितळल्याशिवाय हात लावता येणार नाही, आणि नंतरचंही वचन देता येत नाही. तिसऱ्या दिवशी योशिनोरी येऊन ठेपला. त्याने फुटलेली भिंत पाहिली, त्यावर बांधलेली निळी ताडपत्री पाहिली.

"आई, आता पुरे. चल माझ्याकडे."

वर्षानुवर्षं तिच्याकडे या बोलण्याला उत्तर असायचं. या वेळी ती नुसती कोट शोधायला उठली.

सामान गाडीत ठेवताना इवाओ म्हणाला, "घराची काळजी करू नका. छप्पर मी बघतो."

"किती वर्षं बघशील?"

तो दोरीची गाठ आवळत राहिला.

सायतामात घर चौथ्या मजल्यावर आहे. तिथे बर्फ पडत नाही. सूनबाई नाओमी भली आहे. मित्सुए भांडी धुवायला उठली की, "राहू द्या आई, मशीन आहे," म्हणते. मग मित्सुए बसते. शेजारच्या दारावर नावाची पाटी नाही. तिथे कोण राहतं हे तिने एकदा नाओमीला विचारलं, तर तिलाही माहीत नव्हतं.

टीव्हीवर अकिताचा नकाशा पांढरा दिसला की ती इवाओला फोन करते.

"किती पडला?"

"फार नाही, वहिनी."

मागून फावडं घासल्याचा आवाज येत असतो, आणि त्याला धाप लागलेली असते. ती म्हणते, "जेवून घे वेळेवर," आणि योशिनोरीच्या कानावर पडू नये म्हणून तो यायच्या आत फोन ठेवून देते.