सरांचा उंदीर

काल माझ्या शिकवणीची ओसरी शेणानं सारवली आणि त्या ओल्या वासानं माझे गुडघे हुळहुळले.

मानोऱ्याच्या शाळेत, मी आठवीत असताना, इंग्रजीच्या सरांनी विचारलं होतं, "पाउन्स म्हणजे काय?" कोणालाच येईना. मी उठले. "मांजर टपून राह्यते न सर, अन् एकदम उंदरावर झडप घालते, तसं."

अर्थ बरोबर होता. सर हसले ते माझ्या बोलीला. "टपून राह्यते! वा! मग टपून दाखव."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण ते थांबूनच राहिले. मी ताज्या सारवणावर गुडघे टेकले, हात रोवले. सरांनी समोर खडू फेकला. "हा उंदीर. पकड!" मी झेपावले. तोंडाशी शेणाचा वास, कानात सगळ्या वर्गाचं खिदळणं. शाळा सुटेपर्यंत माझं नाव 'मनी' पडलं.

मी रडले नाही. मांजर घाई करत नाही.

आता सरांची नात माझ्याकडेच इंग्रजी शिकते. काल ते तिला न्यायला आले, काठी टेकत. मला ओळखलं नाही. धडा चालू होता. पोरीनं विचारलं, "मॅडम, पाउन्स म्हणजे काय?"

"तुह्या आबाले विचार," मी म्हणाले. "त्यायनंच मले शिकवला. मानोऱ्याच्या शाळेत, सारवलेल्या जमिनीवर."

सरांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. आता ओळखलं.

"कसा आबा? करून दाखवा न!" पोरगी म्हणाली.

मी हातातला खडू त्यांच्या पायाशी टाकला.