आगळीक

हवेत साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास, पायाखाली तापलेला फुफाटा आणि मंडपाच्या सावलीत एकटीच बसलेली लाल मखमली खुर्ची... कोपरगावकडच्या आमच्या शाळेत पाहुण्यांची वाट पाहत आम्ही दोन तास उन्हात उभ्या होतो. माणसाचं मोठेपण त्याच्या उशिरावरून मोजायची पद्धत तेव्हाही होती.

ते आले, तेव्हा पुढच्या रांगेतली कौसा मोकळेपणानं म्हणाली, "आलास व्हय एकदाचा? लई ऊन हाय, बस सावलीत."

कौसा पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला आले की हंगामभर माझ्या शेजारी बसायची. बापालाही ती अरेतुरेच करी. तिच्या घरी मायेची भाषा तीच होती. पाहुण्यांचा चेहरा मात्र पडला आणि हेडमास्तरांनी फर्मान काढलं – उद्या प्रार्थनेला सर्वांसमोर माफी वाचायची, नाहीतर पटावरून नाव कमी. मजकूरही त्यांनीच दिला : 'माझ्या हातून आगळीक घडली.'

"आगळीक म्हंजी काय गं?" तिनं मला विचारलं. मराठीत मी वर्गात पहिली; शब्द ठाऊक नाही हे कबूल कसं करणार? आगळंवेगळं काहीतरी, चांगलंच असतं, असं मी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी कौसा तेल लावून, वेणी घालून आली आणि तो कागद तिनं बक्षीस मिळाल्यासारखा, हसत, खड्या आवाजात वाचला. पोरगी थट्टा करते आहे असं समजून हेडमास्तरांनी तिथंच तिचं नाव कमी केलं. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं... मी हात जोडून, डोळे मिटून, प्रार्थनेत.

पुढे एका जुन्या कोशात पाहिलं, तर आगळीक म्हणजे आधी अधिकपणा, सरसपणा. अपराध हा अर्थ त्याच्यानंतर. तो खुर्चीत बसलेल्या कुणीतरी जोडला असणार. आता तर शब्दही गेला. आता नुसत्या भावना दुखावतात, त्याही नेहमी मंडपातल्यांच्या. उन्हातल्यांना काय होतं, त्याला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही.

गेल्या वर्षी शिर्डीत फुलांच्या दुकानावर कौसा दिसली. ओळखलंस का, मी विचारलं.

"वळखलं की. तुमी मराठीत पहिल्या यायच्या."

मला 'तू' म्हण, मी म्हणाले. म्हणजे विनवलंच.

गुलाब कागदात गुंडाळत ती शांतपणे म्हणाली, "नको बाई. मानसं दुखावत्यात."