पाच मोजेपर्यंत हात

गाडी कोणाचीही असो, मिस्त्री आधी बॉनेट उघडायचा आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपवर तळहात ठेवायचा. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात, तसा. डोळे मिटून पाचपर्यंत मोजायचा. पाच होईपर्यंत हात टिकला तर इंजन ठीक, दोनलाच ओढावा लागला तर उकळलेलं. समोरचा काटा काहीही दाखवो, मिस्त्रीचं बोलणं ठरलेलं होतं. "काटा झूट बोलते. हात नाही बोलत."

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. जन्मभर यंत्रं दुरुस्त करायची आणि यंत्रावर कवडीचा विश्वास ठेवायचा नाही.

दिग्रसला कापसातून सरकी काढणाऱ्या जिनाच्या भिंतीला लागून त्याचं टिनाचं गॅरेज होतं आणि शेजारी माझी पडवी. मी जिनासाठी फाटकी पोती शिवायची. वीस वर्षं आम्ही एकमेकांचा खोकला ऐकला. ईदला तो शीरखुर्मा आणायचा, दिवाळीला मी चकल्या द्यायची. "बाई, तुह्या चकलीनं दात हालला माहा," असं तो दर वर्षी म्हणायचा आणि दर वर्षी डबा रिकामा परत द्यायचा.

त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. जिन हंगामातही बंद असायचा. माझ्याकडं शिवायला पोती नव्हती, त्याच्याकडं दुरुस्तीला ट्रॅक्टर नव्हते. आम्ही दोघं आपापल्या दारात बसून रस्ता पाहायचो. आणि अशा दिवसांत जिनवाल्या शेठच्या पोरानं, छोट्या शेठनी, स्पोर्ट कार आणली.

कुठून तरी जुनी घेतली होती. दोनच दारं, आणि उंचीला एवढी कमी की आमची बकरी तिच्यावरून पलीकडं पाहायची. लग्न ठरलं होतं उमरखेडला. जिन बंद पडल्याचं मुलीकडच्यांना दिसू नये म्हणून नवरदेव असल्या गाडीतून जाणार होता. गाडी मुळात काळी. वरातीला काळी गाडी नको म्हणून शेठाणीबाई अडून बसल्या, तेव्हा यवतमाळजवळ लोहाऱ्याला नेऊन ती आतून-बाहेरून लाल करून आणली. आणि लाल होऊन आली त्या दिवसापासून तिचा तापमानाचा काटाही लालवर जाऊन बसला.

गॅरेजसमोर नाली होती. गाडीचं पोट घासायला लागलं, म्हणून माझी पोती घडी करून नालीवर टाकली. त्या साली माझ्या पोत्यांना मिळालेलं ते एकमेव काम.

"मिस्त्री, आठ दिवसांनी वरात आहे," छोटे शेठ म्हणाले. "रस्त्यात इंजन बसलं तर मले तोंड दाखवाले जागा नाही."

मिस्त्रीनं पाइपवर हात ठेवला. "ठंडा आहे इंजन. तुमचा काटा झूट बोलते."

"झूट बोलते तर सुधरव ना मंग!"

मिस्त्रीनं आधी आपलं नेहमीचं केलं. इंजन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारा एक व्हॉल असतो, तो काढून फेकला. आमच्याकडच्या उन्हात तो प्रत्येक गाडीचा काढायचा. गाडी बनवणाऱ्याला यवतमाळचा मे महिना ठाऊक नाही, असं त्याचं म्हणणं. काटा लालच. मग ताप मोजणारा सेन्सर नागपूरहून मागवला. नवा बसवला तरी काटा लाल. छोटे शेठ म्हणायला लागले, गाडी नागपूरला नेतो, इंजन खोलून घेतो.

त्या दिवशी मिस्त्री पाइपवर हात ठेवून त्यांना समजावत राहिला. पाच झाले, दहा झाले, वीस झाले. मी सुई हातात धरून पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या तळहातावर लिंबाएवढा फोड होता.

मी सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही. "काऊन रे मिस्त्री, तुले लागत नाही काय?"

तो पान्हा पुसत राहिला. मग म्हणाला, "सालभर झालं बाई. शुगर. बोटात काहीच समजत नाही. गरम काय, ठंडा काय, सब एक."

"मंग त्याले ठंडा कायच्या भरवशावर सांगतलं?"

"आदतीच्या."

बरं, असं आहे. काटा खोटा असेल नसेल, मिस्त्रीचा हात मात्र वर्षभर खोटं बोलत होता. आणि गाव त्या हातावर गाड्या सोडून जात होतं. हे बाहेर फुटलं असतं तर त्याच्या टिनाखाली सायकलसुद्धा कोणी आणली नसती.

"हात पुस," तो म्हणाला. "इकडं ये. पाइपवर ठेव अन् मोज."

मी ठेवला. चांगलाच चटका होता, पण चुलीवरचं भांडं उचलणाऱ्या बाईला पाच मोजणं काय अवघड? पाच झाले, हात टिकला.

"म्हणजे इंजन खरंच ठीक आहे," तो म्हणाला. त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की मला त्याची कीव आली आणि रागही आला.

मग त्यानं मला गाडीत बसवलं. तो पुढं तारा हलवून पाहणार आणि मी काटा हलतो का ते सांगणार. ती सीट म्हणजे जमिनीवर मांडलेला पाट. उठताना दोन माणसं लागणार, हे बसतानाच कळलं. आत भट्टी झाली होती. समोर पंख्याचं चित्र असलेलं बटण दिसलं, मी दाबलं. लालच्या काठावरचा काटा टणकन आणखी वर गेला. बंद केलं, काटा खाली आला. पुन्हा दाबलं, पुन्हा वर.

"मिस्त्री, मी पंखा लावला की तुहा काटा चढते."

"तुले कोणी सांगतलं बटन दाबाले?"

"मले उकडून राह्यलं म्हणून दाबलं. बाकी तू मिस्त्री आहेस, तू पाह्य."

तो बॉनेटमागून बाहेर आला. त्यानं दिवे लावले, काटा आणखी वर गेला. मिस्त्री हसायला लागला. पंखा लावल्यानं इंजन एका क्षणात तापत नाही, एवढं चौथी शिकलेल्या मलाही समजत होतं. दोष तारेत होता. डॅशबोर्डाच्या मागं, वीज परत जाते ती तार गाडीच्या लोखंडाला बोल्टानं आवळलेली असते. लोहाऱ्याच्या पेंटरनं गाडी आतून लाल करताना ती जागाही लाल केली होती आणि तार रंगावरच आवळली होती. मिस्त्रीनं पॉलिश पेपरनं एक रुपयाच्या नाण्याएवढा रंग खरवडला. काटा मधोमध येऊन गप्प बसला.

"काळी राह्यली असती तर काहीच झालं नसतं," तो म्हणाला. "पण हे शेठाणीबाईले तू नको सांगू."

वरातीच्या दिवशी गाडी फुलं लावून गॅरेजसमोर उभी राहिली. काटा मधोमध असूनही छोटे शेठ काही गाडीत बसायला तयार नव्हते. फेटा सांभाळत म्हणाले, "काट्याचं जाऊ दे. तू हात लावून सांग मिस्त्री. तुह्या हातावर भरोसा आहे माहा."

सगळी वरात पाहत होती. मिस्त्री माझ्याकडं वळला. "बाई, तो हार इंजनावर लोंबून राह्यला. जरा सरकव."

मी हार सरकवायला गेले, पाइपवर हात ठेवला, मनात पाच मोजले. टिकला. मी पदराला हात पुसला आणि होकाराची मान हलवली. मग मिस्त्रीनं तिथंच आपला हात ठेवला, डोळे मिटले, पाचपर्यंत मोजलं.

"ठंडा आहे. जा बिनधास्त."

गाडी उमरखेडला गेली आणि नवरी घेऊन परत आली. गावात मिस्त्रीच्या हाताचा बोलबाला झाला.

त्यानंतर तीन वर्षं गॅरेजसमोर गाडी थांबली की तो भिंतीवर पान्हा ठोकायचा. "बाई, चहा घ्याले ये." चहा कुठं असायचा? मी जायची, पाइपला हात लावायची, होकाराची नाहीतर नकाराची मान हलवायची. मग तो डोळे मिटून मोजायचा. माझ्यासारखी फटकळ बाई तीन वर्षं एका गोष्टीवर गप्प बसली, हे कोणाला सांगितलं तर पटणार नाही. तो एकदा म्हणाला होता, "तू तोंड उघडलं तर मी गेलो." मी म्हणाले, "तुह्या दुकानाच्या आसऱ्यानं मले चहा तरी भेटते." भेटत नव्हता, ते वेगळं.

मग शुगर पायात उतरली. तो उमरखेडला मुलीकडं गेला आणि तिथंच गेला. आता त्याचा लौकिक बुडायची भीती नाही, म्हणून हे लिहून काढलं.

टिनाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. परवा त्याच्यासमोर एक सोयाबीनचा टेम्पो धुसफुसत थांबला. ड्रायव्हर बॉनेट उघडून पाणी आणायला गेला. मी उठले आणि पाइपवर तळहात ठेवला. तीनला ओढावा लागला.

"म्हातारे, काय पाहून राह्यली?" ड्रायव्हर ओरडला.

"ताप," मी म्हणाले, आणि सवयीनं, मिस्त्री पान्हा ठोकायचा त्या भिंतीकडं पाहून, नाही म्हणून मान हलवली.