गुजराती अक्षरांतली अहिराणी

हेतलचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत बसले होते. ‘मासी, मम्मी गेली,’ एवढंच ती म्हणाली. मग फोन कुणीच ठेवला नाही. तिकडून वॉर्डातले आवाज येत राहिले, कुणीतरी चादरी मोठमोठ्यानं झटकत होतं... मला रडू आलं नाही. फक्त फार दमल्यासारखं झालं. हा फोन येणार हे वर्षभर माहीत होतं, आणि तो येऊ नये म्हणून जे जे करता येतं ते करून आम्ही सगळ्याच थकलो होतो. हातातला पेपर तपासून पूर्ण केला, गठ्ठा कपाटात ठेवला आणि मग रिक्षा शोधायला बाहेर पडले.

सुमन बोरसे हे नाव या पुरवणीच्या सगळ्या वाचकांना माहीत असेल असं नाही. त्यांच्या दोन कादंबऱ्या आल्या आणि बऱ्याच कथा दिवाळी अंकांत विखुरल्या. एका अंकानं त्यांना विज्ञानकथेत घातलं, दुसऱ्यानं भयकथेत, आणि एकदा तर त्यांची कथा मुलांच्या विभागात चित्रासकट छापून आली. त्यात एक खून होता. ताई तो अंक सगळ्यांना दाखवून हसत होत्या. नवागामच्या मराठी माध्यमाच्या शाळेत त्या शिकवायच्या. अमळनेरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन सुरतेला आल्या, यजमान पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये होते. ते लवकर गेले, आणि मग त्या दोघीच उरल्या, त्या आणि हेतल. मुलीचं नाव शेजारच्या गुजराती बेननं ठेवलेलं. ‘तिला आवडलं, मला चाललं,’ असं ताई सांगायच्या.

मी नांदेडकडची. त्या शाळेत रुजू झाले तेव्हा सुरतेत माझं कुणीच नव्हतं. पहिल्या आठवड्यात ताईंनी माझ्यासमोर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवला, आणि डबा संपल्यावर म्हणाल्या, ‘आता हे वाच.’ ती त्यांची एक कथा होती. तापीचा पूर ओसरल्यावर एका सोसायटीत एक गल्ली जास्तीची निघते. घरांत माणसं आहेत, चुली पेटलेल्या आहेत, पण त्या माणसांच्या लेखी साल वेगळंच चाललंय. नुकसानीची पाहणी करायला आलेला महापालिकेचा कारकून त्या गल्लीत शिरतो. सुरुवातीला मी हसत होते, कारण कारकून हुबेहूब आमच्या ऑफिसातला होता. मध्येच अंगावर काटा आला. आणि शेवटी काळाचं असं काही साधं गणित मांडलं होतं की मी पुन्हा पहिल्या पानावर गेले.

‘ताई, ही कथा नेमकी कसली म्हणायची?’

‘वाचताना कंटाळलीस का?’

‘नाही.’

‘मग झालं तर.’

तेव्हापासून त्यांचं प्रत्येक लिखाण आधी माझ्याकडे येऊ लागलं. मी फक्त ऱ्हस्वदीर्घ बघायची. बाकी सुचवलेलं त्या ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या, आणि जसंच्या तसं ठेवायच्या.

पहिल्या कादंबरीच्या वेळचा पुण्याचा प्रवास मला अजून आठवतो. प्रकाशक भला माणूस होता, त्यानं हस्तलिखित खरंच वाचलं होतं. तो म्हणाला, ‘बाई, लिहिता छान. पण एक काहीतरी ठरवा. भूत ठेवा किंवा यंत्र ठेवा. दोन्ही असलं की आम्ही पुस्तक कुठल्या फळीवर लावायचं?’ ताई पाणी प्यायल्या, त्यांनी पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, ‘आमच्याकडे लूमच्या खात्यात नवीन मशीन आलं की आधी त्याला नारळ फोडतात, आणि मग रात्रपाळीवाले सांगतात की जुना कारागीर अजून त्याच्याजवळ उभा असतो. मी कुणाला बाहेर काढू?’ प्रकाशक हसला, पण पुस्तक घेतलं नाही. परतीच्या गाडीत ताई खिडकीशी बसून राहिल्या. सुरत जवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘वैशाली, बोलायला सोपं होतं गं. आता पुन्हा कुणाच्या दारात जायचं, त्याचा कंटाळा येतो.’ पुढे धुळ्याच्या एका लहानशा प्रकाशनानं ती काढली. ज्यांनी वाचली त्यांनी जपून ठेवली. पण असे वाचक थोडेच...

दरम्यान शाळा रिकामी होत चालली. आईबाप मुलांना गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात घालू लागले, आणि त्यात त्यांचं चुकत होतं असं मला म्हणवत नाही. खुद्द हेतल गुजराती शाळेत शिकली. मराठी तिला बोलता यायची, तीही हिंदी-गुजराती मिसळून. वाचता येत नव्हती. घरात ताई अहिराणीत बोलायच्या, ती गुजरातीत उत्तर द्यायची. आईच्या पुस्तकांवरची धूळ पुसायची, पण आत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. ताईंनी याबद्दल तक्रार केलेली मला आठवत नाही. त्यांनी नवी कादंबरी मात्र सुरू केली. पांडेसऱ्यातल्या बंद पडलेल्या गिरण्यांत यंत्रं एकटीच उरली आहेत. वर्षानुवर्षं कारागिरांचं ऐकून ती अहिराणी बोलायला शिकली आहेत, आणि त्या कारागिरांच्या नातवंडांना आता ती भाषा कळत नाही.

कादंबरी निम्मी झाली आणि ताईंची नजर गेली. साखर जुनीच होती, पुढे मूत्रपिंडंही थकली. डायलिसिस सुरू झालं. मशीनला जोडलेल्या असताना एकदा म्हणाल्या, ‘माझ्याच गोष्टीत येऊन पडले बघ.’ माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झालेली, घरी सासूबाई अंथरुणावर. मला फक्त रविवार मिळायचा, आणि रविवारी मीही अर्धी झोपेतच असायची. अशाच एका रविवारी हेतल म्हणाली, ‘मम्मी, तू बोल, मी लिहिते. पण गुजरातीमां लखू तो चालशे? मला तुझे अक्षर नाय येत.’

ताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ‘मन्ही गोष्ट गुजरातीत?’

‘गोष्ट तुझीच गं. शब्द तुझेच. अक्षर फक्त माझे.’

त्या दिवशी आणि पुढेही बरेच दिवस ताई त्या विषयावर बोलल्या नाहीत. मग एका रविवारी मी गेले तर हेतल पलंगाशी खाली बसलेली, मांडीवर ती काम करायची त्या बाजारातल्या दुकानाचं पॅड, आणि ताई डोळे मिटून सांगत होत्या. मी दारातच थांबले. हेतलनं मध्येच हात वर केला. ‘एक मिनट. हा शिवदास कारागीर तर मेला ना मागच्या वेळी? मग परत कसा आला?’

‘मेला म्हणून काय झालं? त्याचं काम बाकी से ना.’

‘ऐसे नहीं चलता, मम्मी. कोणी मानणार नाय.’

‘तुले पटत नही का?’

हेतलनं जरा विचार केला. ‘मला पटतं. पण थोडं आधी सांग की तो येणार आहे.’

आणि ताईंनी मागचं प्रकरण बदललं! माझं वर्षानुवर्षं एक अक्षर न ऐकणाऱ्या ताईंनी... मला हेवा वाटला नाही. त्या खोलीत तेव्हा काय चाललं होतं ते मला दिसत होतं. आई आणि मुलगी पहिल्यांदाच एका गोष्टीवरून भांडत होत्या. त्याआधी त्यांची भांडणं औषधावरून, नळावरून, कपड्यांवरून व्हायची. मी आत न जाता स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासत बसले.

कादंबरी पूर्ण झाली, आणि नंतर पंधरवड्याच्या आतच ताई गेल्या.

आता रविवारी मी नवागामला हेतलकडे जाते. धुळ्याच्या प्रकाशकांना मजकूर देवनागरीत हवा आहे. हेतल वाचते, मी लिहून घेते. ती दुकानातून थकून आलेली असते, मीही दमलेली असते. दोघी जांभया देत बसतो, पण सोडत नाही. अहिराणी शब्द वाचताना आधी ती अडखळायची. आता अडत नाही, हेल थेट आईचा लागतो, आणि मी मान वर करणं टाळते.

एक अडचण आहे. हेतलला कादंबरी उतरवून घ्यायची सवय नव्हती, त्यामुळे आई जे बोलली ते सगळं तिनं लिहिलं. यंत्रांच्या संवादात मध्येच ‘लिहिलं का?’ येतं. शिवदास भट्टीपाशी उभा असतो आणि पुढच्या ओळीत ‘पंखा कमी कर’ असतं. ‘पाय चेप जरा.’ ‘आज मावशी आली नाही का?’ मी ते सगळं वगळत जाते. प्रकाशकाला त्याचं काय.

गेल्या रविवारी एका लांबलचक प्रकरणात आम्ही बराच वेळ गढून गेलो होतो. हेतल संथ सुरात वाचत होती, ‘...मंग त्या मशीननी त्याले नावानी हाक मारी. च्या मांड वं माय, घसा सुकी गया.’

‘मांडस,’ हेतल म्हणाली.

पॅड बाजूला ठेवून ती चहा ठेवायला अर्धी उठलीही होती. मग तिथंच, पलंगाचा कठडा धरून उभी राहिली... मी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं ती आत गेली आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला.