झाकणाला कुलूप

परवाना कार्यालयात तिला पाठीमागे सगळे कुलूपबाई म्हणत. घरी गरम पाण्याचा टब बसवायचा, तर झाकणाला कुलूप, भोवती कठडा आणि विजेला वेगळा स्विच हवाच, यावर ती अडून बसायची. लोक चिडायचे, वशिले लावायचे. ती ढिम्म हलायची नाही.

असाच टब तिच्या धाकट्या भावानं तिला न विचारता, परवाना न घेता गच्चीवर बसवला आणि सुटीच्या दिवशी सगळ्यांना बघायला बोलावलं. ती पोचली तेव्हा मोठी माणसं सावलीत गप्पा छाटत बसली होती. टबाचं झाकण भिंतीला टेकवलेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढलेली वायर ओल्या फरशीवर. आणि तिची चिमुरडी भाची काठावर पोट टेकवून, पाय हवेत, पाण्यातलं प्लास्टिकचं बदक ओढू पाहत होती.

तिनं पोरीला कमरेला धरून उचललं, भावजयीच्या मांडीवर ठेवलं आणि खाली जाऊन मेन स्विच पाडला. घरभरचे पंखे थांबले.

भाऊ मागोमाग जिना उतरून आला. "ताई, पाहुण्यांसमोर शोभा करू नकोस. आज तरी ऑफिस बाजूला ठेवायचं."

"पोर बुडाली असती, तर पाहुण्यांनी कसली शोभा बघितली असती रे?"

भावाचं प्रकरण स्वतःकडे ठेवणं बरं नव्हे, म्हणून तिनं रीतसर तक्रार करून ते शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे सोपवलं. भावाचा अर्ज आणि पाठोपाठ सहकाऱ्याला गोड गोड फोन आला आणि त्या पठ्ठ्यानं खुर्चीतून न उठता मंजुरीचा शिक्का मारला. वर तिलाच हसत सांगितलं, तुमच्या घरचं म्हणून लगेच उरकलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. घरातलं घरात मिटवा, असं साहेब म्हणाले.

"मिटवणार नाही. तुम्ही स्वतः चला, ती वायर बघा, आणि मग शिक्का राहू दे म्हणा."

साहेब कुरकुरत आले. वायर तशीच होती, एका जागी तर सोललेली. त्यांनी तिथल्या तिथं टब रिकामा करायला लावला आणि मंजुरी रद्द केली.

सख्ख्या भावाचा असा पाणउतारा करायचा का, म्हणून आई फोनवर रडली. भावानं बोलणं टाकलं. पुढं त्यानं कठडा, कुलूप, स्विच सगळं करून घेतलं, परवानाही मिळवला. पण बहिणीनं डूख धरला, असं ज्याला त्याला सांगत राहिला.

मग एकदा भावजयीचा फोन आला, नवऱ्याच्या नकळत. पोर खुर्चीवर चढून काहीही काढते, किल्ली ठेवू कुठं, असं ती दबक्या आवाजात विचारत होती.

"तुझ्याच गळ्यात घाल. त्याच्याकडे देऊ नकोस."

फोन ठेवला तरी तिचा राग निवळला नव्हता. भावानं कुलूप लावलं होतं ते परवान्यासाठी. पोरीसाठी लावलं असतं, तर किल्लीची काळजी त्याला पडली असती. इतक्यात शिक्का मारणाऱ्या त्याच सहकाऱ्यानं चहाला चलता का विचारलं. तिनं मान वरसुद्धा केली नाही.