शेवटचं कोण?

सांतियागोत रांग डोळ्यांना दिसत नाही. औषधाच्या दुकानासमोर कुणी पायरीवर, कुणी झाडाखाली, जिथे सावली मिळेल तिथे बसलेलं असतं. नवं माणूस येतं आणि विचारतं, "शेवटचं कोण?" एक हात वर होतो. मग लगेच दुसरं विचारून घ्यायचं, "तुमच्या पुढे कोण?" कारण हात वर करणारा उठून गेला, तर आपली जागा आपल्याला सांगता आली पाहिजे. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

एनेइदा नेमकं तेच विसरली. साठी उलटलेली बाई, निम्मा जन्म रांगांत गेलेला. पण घरी नवरा, इव्हेलिओ, एकटा होता आणि त्याची आकडीची शेवटची गोळी काल संपली होती. मागे एकदा गोळ्या चुकल्या तेव्हा तो जिन्यावरून गडगडत खाली आला होता. तिच्या डोळ्यांसमोरून तो जिना हलत नव्हता. एका हॅटवाल्याने हात वर केला, ती त्याच्या मागे टेकली.

तेवढ्यात परदेशी प्रवाशांचा घोळका आला. त्यांना सगळंच आवडलं, उताराचा रस्ता, निळ्या भिंती, दारातल्या म्हाताऱ्या. एका मुलीने एनेइदाला हाताला धरून पलीकडच्या भिंतीशी नेलं आणि फोटो काढत मोडकंतोडकं बोलली, "तुम्ही लोक किती निवांत असता!" एनेइदा हसली. पाहुण्यांना काय सांगणार, कपाळ? बाकीच्यांनी हॅटवाल्याची जुनी गुलाबी मोटार ठरवली आणि तो त्यांना घेऊन गेला. इकडे नवी माणसं आली. "शेवटचं कोण?" हॅटवाल्याच्या पुढची शिक्षिका बघते तर तो नाही, एनेइदा अजून पलीकडच्या भिंतीशी, म्हणून तिने हात वर केला. तिचंही चुकलं नाही. तिच्यामागे माणसांवर माणसं बसत गेली.

शिक्षिका औषध घेऊन घरी गेली, तशी मागालिस नावाची धिप्पाड बाई उठली. एनेइदाही उठली.

"मी हॅटवाल्याच्या मागे आहे."

"कुठला हॅटवाला?"

"तो मोटारवाला. आत्ता गेला."

"मग पळ त्याच्या मोटारीमागे." सगळे हसले.

"बाई, माझ्या नवऱ्याला आकडी येते गं."

मागालिसचं हसू मावळलं. "माझ्या लेकीलाही येते. हॅटवाला कुणाच्या मागे होता ते सांग, आत्ता जागा देते."

एनेइदाला सांगता येईना. मागालिस दुष्ट नव्हती, हेच वाईट होतं. दुष्ट असती तर भांडता तरी आलं असतं. एनेइदा शेवटी जाऊन बसली. तिचा नंबर आला तेव्हा आतली मुलगी मान वर न करताच म्हणाली, "आकडीच्या संपल्या. पुन्हा कधी येतील, माहीत नाही."

घरी इव्हेलिओ खुर्चीत बसला होता.

"मिळाल्या?"

"मिळाल्या की." तिने पाठमोरं होऊन डब्यातली जीवनसत्त्वाची गोळी काढली आणि पाण्याबरोबर त्याच्या हातात दिली. त्याने गिळली. ती बोलतच राहिली, रस्त्यात किती ऊन, माणसं कशी हसली, ती मुलगी काय म्हणाली. बोलता बोलता तिने टोकदार कोपऱ्यांचं टेबल त्याच्या खुर्चीपासून हळूच भिंतीकडे सरकवलं.

इव्हेलिओने टेबलाकडे पाहिलं. मग तो खुर्चीवरून उतरला आणि खाली चटईवर, उशी डोक्याशी घेऊन आडवा झाला.