फिरायला जाताना खुरपं

आमच्या चौघींचे किस्से आता इतके साठलेत की एकीनं सांगायला घेतला की दुसरी मध्येच म्हणते, "आधी टेम्पोचा सांग." ऐकणारे हसतात. पण त्या त्या वेळी आम्हाला पळता भुई थोडी झाली होती.

आम्ही चौघी देवळाली प्रवराच्या. काकूंना शुगर, शबानाभाभींना दमा, लताताईंना हार्टचं आणि मला संधिवात. माझी आरू पहिलीला आहे. सकाळी माझी बोटं अशी आखडलेली असतात की तिची वेणी घालता येत नाही. नगरच्या डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "गोळ्या सोडायच्या नाहीत आणि रोज चालायचं. बसून राहिलात तर सांधे धरून बसतील."

मी हादरलेच. मला वाटलं होतं, आराम करा म्हणतील.

आराम सांगितला असता तर घरी सांगता तरी आलं असतं. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आधीच म्हणायच्या, "तिशीच्या आत कुनाला वात होतो का?" मी फिरायला जाते हे कळलं असतं तर, "हिंडायला जमतंय, मग पानी भरायला का जमत न्हाई?" आणि चालणं बंद. चालणं बंद झालं आणि बोटं कायमची आखडली तर आरूचं कोण करणार?

म्हणून घरी सांगितलं, काकूंकडे दुधाला जाते.

रस्त्यावरच्या लोकांचं काकूंनी बघितलं. म्हणाल्या, "बाई मोकळ्या हातानं चालली की समदे इचारत्यात. हातात कायतरी धरा." मग त्यांनी स्वतः दुधाची किटली घेतली. मला आणि भाभींना त्यांच्या गोठ्यातली दोन खुरपी दिली. रोज दुधाचं भांडं गोठ्यात ठेवायचं, खुरपं उचलायचं आणि कॅनॉलच्या कडेनं चालायचं. परत येईपर्यंत माझी बोटं जरा सैल व्हायची, मग आरूची वेणी.

*

काकूंची रिकामी किटली खडखड वाजायची. म्हणून त्या ती नळाखाली धरून पाण्यानं भरायला लागल्या. एक दिवस डेअरीवाल्यानं पाहिलं.

संध्याकाळी काकूंचे मालक दूध घेऊन गेले, तर त्यानं सगळ्यांसमोर ते दोनदा तपासलं. दूध चोख निघालं.

तर म्हणतो कसा, "आज पानी टाकायचं राहिलं वाटतं."

मालक घरी आले ते लालबुंद. काकू आम्हाला म्हणाल्या, "त्या दिवशी माझी शुगर कुनी मोजली असती तर मशीन फुटलं असतं."

*

लताताईंना चढ चालायचा नाही. म्हणून त्या कॅनॉलवर न येता देवळाला प्रदक्षिणा घालायच्या. हळूहळू, एक हात छातीवर, मध्येच थांबून डोळे मिटून श्वास घ्यायच्या.

एकदा डोळे उघडले तर समोर एक अनोळखी बाई नारळ घेऊन उभी. पाया पडली आणि म्हणाली, "ताई, माझ्या सुनेसाठी बी मागा."

लताताई घाबरून घरी आल्या. तिथं खरं काय सांगणार?

पुढं त्या सुनेला दिवस गेले. आता पावसापाण्याचं सुद्धा लताताईंना घरी बसता येत नाही. वाट बघणाऱ्या बायका असतात.

*

आता टेम्पोचा. भाभी आणि मी खुरपी घेऊन चाललो होतो. मागून खुरपणीला निघालेल्या बायकांनी भरलेला टेम्पो आला. पुढं बसलेली मुकादमीण ओरडली, "चला गं, बसा, आधीच उशीर झालाय."

टेम्पोत आमच्या शेजारच्या अक्का. टक लावून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यासमोर "आम्ही फिरायला आलोय" म्हणायची माझी छाती होईना. भाभी चढल्या, मागोमाग मी.

थेट कांद्याच्या रानात. धुरळ्यानं भाभींना धाप लागली. त्यांनी पंप काढून तोंडात मारला. मुकादमीण दचकली.

"हे काय गं?"

"दम्याचा पंप हाय."

"दमा हाय तर आलीस कशाला?"

भाभींच्या तोंडून खरं तेच निघालं, "डॉक्टरनी सांगितलंय."

"कुठला डॉक्टर बाई, खुरपायला धाडतो?"

मला हसू येईना. आरूची शाळा डोळ्यांसमोर. कशीबशी निसटून घरी आले तर आरू शाळेत गेलेली. संध्याकाळी आली ती दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. आत्याबाईंनी घातलेल्या.

*

नंतर एका दुपारी अक्का आमच्या ओट्यावर आल्या. मी दाराआड होते.

"तुमची सून दुधाला न्हाई जात. कॅनॉलवर हिंडती रोज. आन् हितं म्हनं बोटं वळत न्हाईत."

संपलं, म्हटलं.

आत्याबाई डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तूच म्हनली हुतीस ना, टेम्पोत बसून खुरपायला आल्ती म्हनून?"

"आल्ती की."

"मग हिंडती का खुरपती, एक काय ते ठरवून ये."

अक्का उठून गेल्या. मी दाराआडून बाहेर आलेच नाही. आत्याबाईही आत आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाचं भांडं घेऊन निघाले. आत्याबाई दारातच उभ्या. त्यांनी भांडं माझ्या हातातून काढून घेतलं. मला वाटलं, आता बस घरात, असंच म्हणणार.

त्यांनी माझ्या हातात आमच्या घरचं खुरपं दिलं. त्याच्या मुठीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली, चांगली जाड, बोटं फार वाकवावी लागू नयेत इतकी.

"जा," म्हणाल्या. "आन् टेम्पोत बसू नगंस. पोरीला माझ्या हातची येनी आवडत न्हाई."